स्विंग वाद्यवृंदाचा उदय, ऱ्हास आणि पुनरुज्जीवन : चिक चॉकलेट, सी. रामचंद्र आणि 'अलबेला' यांच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मुंबईच्या हॉटेलांमध्ये रुजलेले स्विंग नृत्यवाद्यवृंद स्वातंत्र्योत्तर काळात लोप पावले आणि अलीकडच्या दशकात ग्रंथ व चित्रपट यांच्याद्वारे त्यांचे पुनरुज्जीवन झाले, अशी मांडणी सामान्यतः केली जाते. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा केली आहे. आल्दोना (गोवा) येथील ट्रम्पेटवादक आंतोनियो शाविएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, त्यांचा 'म्युझिक मेकर्स' हा वाद्यवृंद, संगीतकार सी. रामचंद्र आणि भगवान पालव यांचा 'अलबेला' (1951) हा चित्रपट यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, ज्याला ऱ्हास म्हटले जाते ते वस्तुतः स्थलांतर होते आणि ज्याला पुनरुज्जीवन म्हटले जाते ते बहुतांशी स्मरणरंजन आहे.

बीजशब्द : स्विंग, नृत्यवाद्यवृंद, गोमंतकीय वादक, चित्रपटसंगीत, सी. रामचंद्र, अलबेला, सांस्कृतिक स्मृती.

1. प्रास्ताविक

मराठी संगीतसमीक्षेची परंपरा समृद्ध आहे. ख्यालगायकी, नाट्यसंगीत, भावगीत आणि लावणी यांवर विपुल लेखन झालेले आहे. चित्रपटसंगीतावरही रसिकतेने लिहिले गेले आहे. तथापि या लेखनाचा भर प्रामुख्याने चाल, शब्द आणि कंठ या तीन घटकांवर राहिला. गाण्याच्या पार्श्वभागी वाजणाऱ्या वाद्यमेळाचा विचार 'साथ' या एका शब्दात आटोपण्याची प्रवृत्ती दिसते. परिणामी संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे घरोघरी पोहोचली. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट वाजवणारे आणि त्यांचे स्वरलेखन करणारे हात मात्र अनामिक राहिले.

हे हात मोठ्या प्रमाणावर गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचे होते. त्यांचे घडणे हॉटेलांतील नृत्यवाद्यवृंदांत झाले आणि त्यांची पुढील कारकीर्द ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत व्यतीत झाली. या प्रवासाकडे उदय, ऱ्हास आणि पुनरुज्जीवन अशा तीन अंकी नाट्याच्या रूपात पाहण्याची प्रथा आहे. ही रचना सोयीची आहे. पण ती कोणाच्या दृष्टीतून रचली गेली आहे, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. हॉटेलच्या दिवाणखान्यात बसलेल्या श्रोत्याच्या दृष्टीने जो अस्त होता, तो दादर-परळच्या चाळीत राहणाऱ्या श्रोत्याच्या दृष्टीने आरंभ असू शकतो. प्रस्तुत लेखाचा रोख या दृष्टिभेदावर आहे.

2. स्विंग : स्वरूप आणि मुंबईतील आगमन

स्विंग ही जॅझ संगीताची अशी अवस्था आहे, जिच्यात वादकांची संख्या वाढून दहा-पंधरांवर गेली आणि उत्स्फूर्त वादनाला लिखित संयोजनाची जोड मिळाली. वाद्यवृंदाचे तीन गट पडले : ट्रम्पेट व ट्रॉम्बोन यांचा पितळी गट, सॅक्सोफोन व क्लॅरिनेट यांचा गट आणि पियानो, गिटार, बास व ड्रम यांचा लयगट. एका गटाने स्वरवाक्य मांडावे, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावे आणि एकलवादकाने या दोहोंच्या वर आपली कल्पना फुलवावी, अशी ही रचना असते. चार समान ठोक्यांच्या आत प्रत्येक ठोक्याचे दीर्घ-ऱ्हस्व असे विषम विभाजन केले जाते. त्यातून उत्पन्न होणारा हेलकावा पावलांना गती देतो. स्विंग हे मूलतः नाचण्याचे संगीत होते, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

अमेरिकेत फ्लेचर हेंडरसन, ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी या कृष्णवर्णीय संगीतकारांनी हा प्रकार घडवला आणि 1935 साली बेनी गुडमनच्या लॉस एंजलिस येथील कार्यक्रमानंतर त्याला देशव्यापी लोकप्रियता लाभली. विशेष म्हणजे त्याच वर्षाच्या अखेरीस व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्यापाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी मुंबईत वादन केले. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्यास गेले आणि 1945 साली तेथेच पटकीच्या आजाराने निवर्तले. मायदेशी वर्णभेदाला तोंड देणाऱ्या या कलावंतांना मुंबईत प्रतिष्ठेचे काम मिळाले. परंतु ज्या नृत्यगृहात ते वाजवीत, ते वसाहतीच्या उच्चभ्रू वर्गाचे होते, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

या वाद्यवृंदांमधून आणि त्यांच्या समवेत स्थानिक वादक तयार झाले. मिकी कोरिया हे कराचीत वाढलेले गोमंतकीय वादक सुमारे दोन दशके ताजमधील वाद्यवृंदाचे प्रमुख होते. कावसजी खटाव या पारशी सॅक्सोफोनवादकाने रूडी कॉटन या नावाने ख्याती मिळवली. उन्हाळ्यात मसुरीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी आणि हिवाळ्यात मुंबई-कलकत्ता-दिल्लीत असा त्यांचा वार्षिक क्रम असे.

3. गोमंतकीय वादकांची जडणघडण

हे संगीत आत्मसात करण्याची क्षमता गोमंतकीय वादकांत कोठून आली, याचे उत्तर गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांत सापडते. पोर्तुगीज राजवटीत या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. चर्चमधील प्रार्थनासंगीतासाठी दिलेले हे शिक्षण अनेक पिढ्यांचे उपजीविकेचे साधन ठरले. शेती अपुरी आणि नोकऱ्या दुर्मिळ, अशा स्थितीत गावोगावचे तरुण मुंबईत आले. धोबीतलाव परिसरातील गावकीच्या 'कुडां'मध्ये त्यांनी मुक्काम केला. कोणी जहाजावर, कोणी पोलिसांच्या वा संस्थानिकांच्या बँडमध्ये, कोणी मूकपटांच्या साथीला, तर कोणी हॉटेलांत काम मिळवले.

आंतोनियो शाविएर वाझ यांचा जन्म 1916 साली बार्देश तालुक्यातील आल्दोना येथे झाला. ट्रम्पेटवादनात त्यांनी लुई आर्मस्ट्राँग यांचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवला. वादनशैली, खरखरीत स्वरातील गायन आणि रंगमंचीय वावर या सर्वांत त्यांनी तो इतका आत्मसात केला की 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' हेच त्यांचे बिरुद झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात त्यांनी 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' हा वाद्यवृंद उभारला. ताजच्या शेजारी असलेल्या ग्रीन्स हॉटेलात या वाद्यवृंदाचे वादन होत असे.

येथे नक्कल आणि निर्मिती यांच्यातील संबंधाचा प्रश्न उपस्थित होतो. आर्मस्ट्राँगचे अनुकरण करणारा वादक स्वतंत्र कलावंत मानावा काय, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकाला याचे उत्तर कठीण वाटू नये. घराण्याच्या तालमीत शिष्य प्रथम गुरूच्या गळ्याची हुबेहूब छाया धरतो. स्वतःची वाट त्याला त्यानंतर सापडते. फरक इतकाच की, चिक यांचे गुरू समोर बसलेले नव्हते, ते तबकडीत होते. ऐकून ऐकून, सुई पुन्हा पुन्हा मागे नेऊन केलेली ही तालीम होती. तिला नक्कल म्हणून हिणवणे आणि गायकाच्या अनुकरणाला परंपरा म्हणून गौरवणे हा दुटप्पी निकष ठरेल.

नावांचा प्रश्नही याच संदर्भात तपासावा लागतो. वाझ यांचे 'चिक चॉकलेट' झाले, फ्रँकलिन फर्नांडिस यांचे 'फ्रँक फर्नांड' झाले, परेरा यांचे 'क्रिस पेरी' झाले. हॉटेलच्या जाहिरातीत शोभावे म्हणून घेतलेली ही नावे वादकाला व्यासपीठ देत होती आणि त्याच वेळी त्याचा गाव, भाषा व समाज पुसून टाकीत होती. चित्रपटसृष्टीत गेल्यावर तर ही टोपणनावेही श्रेयनामावलीत अभावानेच आली. आधी नाव बदलले, मग नावच उरले नाही, असा हा दुहेरी लोप आहे.

4. ऱ्हासाची कारणमीमांसा

अमेरिकेत स्विंग वाद्यवृंदांची पीछेहाट 1942 नंतर सुरू झाली. वादकसंघटनेचा ध्वनिमुद्रणावरील बहिष्कार, महायुद्धात सैन्यभरतीमुळे झालेली वादकांची पांगापांग, 1944 पासूनचा नृत्यगृहांवरील जाचक कर आणि एकलगायकांची वाढती लोकप्रियता ही त्यामागील प्रमुख कारणे होत. 1946 च्या अखेरीस अनेक नामांकित वाद्यवृंद विसर्जित झाले. मुंबईतील कारणे मात्र भिन्न आहेत आणि ती येथील राजकीय स्थित्यंतराशी निगडित आहेत.

पहिले कारण आश्रयदात्यांचे निर्गमन हे होय. 1947 नंतर ब्रिटिश अधिकारी, सैनिक आणि यथावकाश संस्थानिक हा नृत्यगृहांचा ग्राहकवर्ग ओसरला. दुसरे कारण मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 हे होय. मद्यविक्रीवर हॉटेलांचे अर्थकारण उभे होते आणि त्या अर्थकारणावर मोठा वाद्यवृंद पोसला जात होता. ते उत्पन्न आटताच दहा-बारा वादकांचा ताफा वर्षभर बाळगणे परवडेनासे झाले. तिसरे कारण सांस्कृतिक धोरणाचे आहे. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताला राष्ट्रीय व्यासपीठ देण्याच्या या धोरणाचे फायदेही झाले. मात्र संकरित संगीत म्हणजे अशुद्ध संगीत, ही धारणा त्यामागे होती. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि 1957 साली विविध भारती सुरू करून शासनाला आपली भूमिका मवाळ करावी लागली.

फाळणीचा परिणाम याहून गुंतागुंतीचा आहे. सेबॅस्टियन डिसोझा हे लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात आपला वाद्यवृंद चालवीत होते. फाळणीनंतर त्यांना मुंबई गाठावी लागली. ज्या उलथापालथीने कराची व सिंधमधील निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आणून सोडले आणि 1949 साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले, त्याच उलथापालथीने लाहोरच्या नृत्यगृहातील वादक मुंबईच्या स्टुडिओत आला. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यातील वाचकाला निर्वासितांचा इतिहास परिचित आहे. संगीताच्या इतिहासातही असे निर्वासित आहेत, याची नोंद घेणे उचित ठरेल. डिसोझा पुढे शंकर-जयकिशन यांचे वाद्यवृंद-संयोजक झाले आणि हिंदी चित्रपटगीतांचा नाद त्यांनी मोठ्या प्रमाणावर घडवला.

या सर्व कारणांचा परिणाम एकच दिसतो. वादकाने हॉटेल सोडले, पण वाद्य खाली ठेवले नाही. दिवसा स्टुडिओत ध्वनिमुद्रण आणि रात्री उरलेल्या हॉटेलांत वादन, असा दुहेरी क्रम अनेकांनी स्वीकारला. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. त्या चालीला आरंभसंगीत, अंतऱ्यांमधील वाद्यखंड आणि पूरक स्वरमेळ देऊन प्रत्येक वाद्याचे पान वेगळे लिहून काढण्याचे काम संयोजक करी. स्विंग वाद्यवृंदातील गटरचनेचे ज्ञान येथे थेट उपयोगी पडले. म्हणून 1950 नंतरच्या दशकाला नृत्यवाद्यवृंदाच्या ऱ्हासाचे दशक म्हणताना, त्याच दशकात त्या वाद्यवृंदाचा नाद देशातील सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचला, हेही नमूद करावे लागते.

5. 'अलबेला' : एक वाचन

या स्थलांतराचा सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे 'अलबेला' हा चित्रपट. संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर (1918-1982) हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. त्यांची प्रारंभीची तालीम हिंदुस्थानी कंठसंगीताची होती. 'शहनाई' (1947) पासून त्यांनी पाश्चात्त्य नृत्यलयीचा वापर धिटाईने केला. 'पतंगा' (1949), 'समाधी' (1950), 'अलबेला' (1951) आणि 'आशा' (1957) हे त्याचे ठळक टप्पे होत. चिक चॉकलेट यांनी त्यांचे सहायक म्हणून काम केले आणि 'अलबेला'त ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात.

'अलबेला'चा नायक प्यारेलाल हा निम्न मध्यमवर्गीय घरातील, नोकरीत मन न रमणारा, नाटकवेडा तरुण आहे. घर सोडून तो रंगभूमीवर यश मिळवतो. ही भूमिका करणारे आणि चित्रपटाचे निर्माते-दिग्दर्शक असलेले भगवान आभाजी पालव (1913-2002) हे गिरणी कामगाराचे पुत्र होते आणि स्वतःही त्यांनी कष्टाची कामे केली होती. ही पार्श्वभूमी चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देण्याजोगी नाही; चित्रपटाचा अर्थच तिच्यात सामावलेला आहे. ज्या नृत्यगृहाच्या दारात गिरणगावातील माणसाला उभे राहण्याचीही मुभा नव्हती, तेथील वाद्यवृंद या चित्रपटात एका स्थूल देहाच्या, सामान्य चेहऱ्याच्या माणसामागे उभा राहतो. वाद्यवृंदाचे सामाजिक स्थानांतर याहून स्पष्ट शब्दांत मांडता येणार नाही.

संगीताच्या दृष्टीने पाहिले असता, सी. रामचंद्र यांचे यश केवळ परदेशी वाद्ये वापरण्यात नाही. त्यांनी मुखडा असा बांधला की तो केरव्याच्या अंगानेही गुणगुणता यावा आणि स्विंगच्या चार ठोक्यांवरही चालावा. ओळ संपताच जी पोकळी राहते, तिच्यात पितळी वाद्यांचा गट छोटे, ठसकेबाज स्वरवाक्य टाकतो. अमेरिकन बिग बँडमध्ये हे प्रश्नोत्तर कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनागीतांतून आले. मराठी श्रोत्याला ते परके वाटले नाही, कारण पोवाड्यात आणि तमाशात शाहिराची ओळ उचलून धरणारे झीलकरी त्याच्या कानांत होते. ट्रम्पेटचा गट येथे एका अर्थाने झील धरतो. आयात केलेली रचना देशी श्रवणसंस्काराला जेथे जुळते तेथेच ती रुजते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

याच चित्रपटात पिलूच्या छायेतील अंगाईही आहे. तिचे स्वरूप संथ आणि अंतर्मुख आहे. अंगाई आणि नृत्यगीत एकाच संगीतकाराने, एकाच चित्रपटात, एकाच लता मंगेशकर यांच्या कंठातून साकारावे, ही बाब समीक्षेने पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. अंगाईला 'अभिजात' आणि नृत्यगीताला 'उडत्या चालीचे' म्हणण्याची पद्धत पडली. 'अनारकली' (1953) मधील रचनांचा गौरव करताना 'अलबेला'कडे तरुणपणीची चंचलता म्हणून पाहिले गेले. या मूल्यनिर्णयात नाचण्याबद्दलचा संकोच दडलेला आहे. ऐकण्याचे संगीत श्रेष्ठ आणि नाचण्याचे कनिष्ठ, ही विभागणी कलात्मक नसून सामाजिक आहे.

भगवान यांच्या नृत्याविषयीही हेच म्हणता येईल. त्यांच्या नृत्यात कसरत नाही. कोपर किंचित उचलणे, गुडघ्यात अल्प वाक देणे, पावले जागच्या जागी सरकवणे आणि चेहऱ्यावर निर्व्याज आनंद बाळगणे, एवढेच त्याचे साहित्य आहे. कोणालाही सहज करता येईल असे हे नृत्य असल्यामुळेच ते पुढे गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत उतरले. प्रशिक्षित जोडीचे नृत्य हॉटेलात राहिले. भगवान यांचे नृत्य रस्त्यावर आले. नृत्यवाद्यवृंदाचा खरा वारसा शोधायचा तर तो येथे शोधावा लागतो.

मात्र या चित्रात करुण बाजूही आहे. 'अलबेला'नंतर भगवान यांना तसे यश पुन्हा लाभले नाही. वैभव ओसरून त्यांची अखेर दादरच्या चाळीत झाली. चिक चॉकलेट यांचे 1967 साली वयाच्या पन्नाशीतच निधन झाले. आर्मस्ट्राँग स्वतः 1964 साली मुंबईत येऊन गेले होते. तोवर मुंबईतील 'आर्मस्ट्राँग'चा काळ मावळतीला लागला होता.

6. स्वतःच्या संगीताचा शोध

ऱ्हासाच्या काळात काही वादकांनी केवळ उदरनिर्वाहावर समाधान मानले नाही. ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड यांच्यावर 1946 मधील गांधीजींच्या मसुरी येथील वास्तव्याचा प्रभाव पडला आणि भारतीय आशयाचे जॅझ निर्माण करण्याची आकांक्षा त्यांच्यात जागी झाली. पुढे त्यांनी 'आमचें नशीब' (1963) आणि 'निर्मोण' (1966) हे कोकणी चित्रपट निर्माण केले. माजोर्डा येथील व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा करून रागाधारित रचना सादर केल्या. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे ते गुरू. 'अमर अकबर अँथनी' (1977) मधील गाण्यात प्यारेलाल यांनी त्यांचे नाव गुंफले. कोट्यवधी लोकांनी ते नाव उच्चारले. ते एका हयात संगीतज्ञाचे आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. अनामिकतेचे याहून विलक्षण उदाहरण क्वचितच मिळेल.

क्रिस पेरी आणि लोर्ना कोर्देरो यांनी स्विंग व लॅटिन नृत्यलयीत कोकणी गीते गाऊन या संगीताला मातृभाषेत आणले. हॉटेलातील वादक इंग्रजीतून कोकणीकडे वळणे ही ऱ्हासाची नव्हे, तर स्वत्वप्राप्तीची खूण आहे.

7. पुनरुज्जीवनाचे तीन प्रकार

पुनरुज्जीवन हा शब्द ज्या घटनांना लावला जातो, त्यांत किमान तीन भिन्न प्रक्रिया आढळतात.

पहिली प्रक्रिया मैफलीची. 1978 साली निरंजन झवेरी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला. सॉनी रोलिन्ससारखे श्रेष्ठ वादक त्यात आले आणि रूडी कॉटन यांच्यासारख्या जुन्या कलावंतांनाही व्यासपीठ मिळाले. परंतु येथे जॅझ खुर्चीवर बसून ऐकण्याचे संगीत झाले. नृत्याचा धागा तुटला आणि नृत्यवाद्यवृंद पूर्वेतिहास म्हणून उरला.

दुसरी प्रक्रिया संशोधनाची. ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' (2008) या ग्रंथात मुंबईच्या स्टुडिओतील वादकांच्या मुलाखतींवर आधारित इतिहास लिहिला. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (2012) या ग्रंथाने मुंबईतील जॅझयुगाचे सुस्पष्ट चित्र उभे केले. या ग्रंथांमुळे अनामिक वादकांना नावे, चेहरे आणि कुटुंबे परत मिळाली. पुनरुज्जीवनाच्या सर्व प्रकारांत हा प्रकार सर्वाधिक मोलाचा आहे, कारण तो श्रेयाचा प्रश्न उपस्थित करतो. हे कार्य प्रामुख्याने इंग्रजीत झाले, ही मराठी अभ्यासकांसाठी विचार करण्याजोगी बाब आहे.

तिसरी प्रक्रिया चित्रपटीय स्मरणाची. बारद्रॉय बार्रेटो यांचा कोकणी चित्रपट 'नाचोम-इया कुंपासार', अनुराग कश्यप यांचा 'बॉम्बे व्हेल्वेट' (2015) आणि शेखर सरतांडेल यांचा मराठी चित्रपट 'एक अलबेला' (2016) हे अल्पावधीत आले. त्यांची तुलना उद्बोधक आहे. 'बॉम्बे व्हेल्वेट'मध्ये नृत्यगृहाची भव्यता, झगमगाट आणि गुन्हेगारी यांचे चित्रण आहे, 'सी.आय.डी.' (1956) मधील एका गाण्याचे नवे रूपही त्यात येते. पण वादक तेथे पार्श्वभूमीचा भाग राहतो. 'एक अलबेला' भगवान यांच्या जीवनाकडे आत्मीयतेने पाहतो. त्याचा केंद्रबिंदू अर्थातच नट हा आहे. याउलट क्रिस पेरी व लोर्ना यांच्या जीवनावरून प्रेरित कोकणी चित्रपट वादक आणि गायिका यांनाच कथेच्या मध्यभागी ठेवतो, त्यांची मूळ गीते नव्याने ध्वनिमुद्रित करतो आणि त्यांच्याच समाजाच्या भाषेत बोलतो. म्हणून पुनरुज्जीवन ही संज्ञा या तिघांपैकी त्याला अधिक सार्थपणे लावता येते.

या तुलनेतून एक निकष हाती येतो. पोशाख, दिवे आणि नृत्यगृहाची सजावट यांची पुनर्निर्मिती म्हणजे प्रतिमेचे पुनरुज्जीवन. गीतांचे पुनर्वादन म्हणजे कृतींचे पुनरुज्जीवन. ज्या ज्ञानावर आणि श्रमविभागणीवर हे संगीत उभे होते, ते पुन्हा कार्यरत होणे हे परंपरेचे पुनरुज्जीवन. पहिल्या दोन पातळ्यांवर बरेच घडले आहे. तिसऱ्या पातळीवर फारच थोडे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सिंथेसायझर व संगणकीय ध्वनिमुद्रण आल्यानंतर स्टुडिओतील सामूहिक वादन संपुष्टात येत गेले. नृत्यवाद्यवृंदाचा खरा अस्त व्हायचा असेल तर तो 1950 मध्ये नव्हे, या टप्प्यावर झाला. दारूबंदीने वादकाचे ठिकाण हिरावले. यंत्राने त्याचे काम हिरावले. या दोन घटनांना 'ऱ्हास' हे एकच नाव दिल्याने त्यांतील भेद झाकला जातो.

8. समारोप

उपरोक्त विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. मुंबईतील स्विंग वाद्यवृंदाचा इतिहास हा पाश्चात्त्य फॅशनच्या चढउताराचा इतिहास नसून स्थलांतरित श्रमिक कलावंतांचा इतिहास आहे. हॉटेलातील त्याचा अंत आणि चित्रपटातील त्याची व्याप्ती या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत. चिक चॉकलेट आणि सी. रामचंद्र यांच्या सहयोगात गोमंतकीय स्वरलेखनपरंपरा आणि मराठी चालींची परंपरा यांचा संगम झाला. त्याचे श्रेय एकाच नावाकडे गेले, ही समीक्षेतील उणीव आहे. चालीचे मोल कमी न करता वाद्यसंयोजनाचे मोल जाणणे हा तिच्यावरील उपाय होय.

ही उणीव भरून काढण्याचे काम केवळ महानगरातील अभ्यासकांचे नाही. लग्नसराईत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या बँडपथकांतील पितळी वाद्ये, त्यांतील ज्येष्ठ वादकांनी गुरूकडून घेतलेले शिक्षण, त्यांच्या वादनातील जुनी चित्रपटगीते आणि त्यांच्या पथकांची जातीय व आर्थिक रचना हे विषय कोणत्याही गावातील महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत. संगीत, इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी या विभागांनी एकत्रितपणे मौखिक इतिहासाचे संकलन हाती घेतल्यास ते बहुविद्याशाखीय संशोधनाचे सार्थ उदाहरण ठरेल. स्टुडिओतील वादकांची पिढी झपाट्याने मावळत आहे. स्वरलेखनाची पाने ध्वनिमुद्रणानंतर जपण्याची पद्धत नव्हती आणि श्रेयनामावल्या मूक आहेत. अशा स्थितीत वादकांची स्मृती हेच प्रमुख साधन उरते. ते साधन हाताशी आहे तोवर त्याची नोंद करणे, हेच या वाद्यवृंदाचे अर्थपूर्ण पुनरुज्जीवन होय.